न्हाणीपासून निवेदनापर्यंत : घरातील नित्यक्रम आणि मुलाची संवादक्षमता

१. विषयप्रवेश

मराठीच्या अध्यापकांच्या चर्चासत्रांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पदवीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ शब्दसंपत्ती नाही, आणि स्वतःचा अनुभव चार वाक्यांत सलगपणे सांगणेही त्याला जड जाते, अशी ती तक्रार असते. तिचे खापर कधी शाळेवर, कधी इंग्रजी माध्यमावर, तर कधी दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर फोडले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर भाषेच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र भाषा प्रत्येक पिढीत ज्या वयात नव्याने जन्म घेते त्या वयाकडे, म्हणजे पहिल्या चार-पाच वर्षांकडे, साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. तो प्रांत मानसशास्त्राचा किंवा गृहविज्ञानाचा, अशी आपली समजूत असते.

ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मूल संवाद करावयास शिकते ते मुख्यतः घरातील रोजच्या कामांतून आणि घराबाहेरच्या लहानसहान फेऱ्यांतून. न्हाणे, जेवणे, निजणे यांचा ठरलेला क्रम मुलाला भाषेची पहिली संहिता पुरवतो, बाहेर पडणे त्याला घटना पुरवते, आणि परत येऊन घरी राहिलेल्या माणसाला ती घटना सांगणे म्हणजे त्याचे पहिले निवेदन असते. या तीन पायऱ्यांपैकी तिसरी पायरी आज सर्वांत अधिक धोक्यात आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

२. नित्यक्रम ही संहिता

बालभाषेच्या अभ्यासात मराठीचे स्थान महत्त्वाचे आहे, हे मराठीच्याच विद्यार्थ्यांना अनेकदा ठाऊक नसते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली सहा भाषांमधील बाळबोलीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अरबी, कोमान्ची, गिल्याक, इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या जोडीला मराठी होती. त्याच वर्षी डॉ. अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. बाळबोली म्हणजे मुलाची बोली नव्हे. मोठी माणसे मुलाशी बोलताना जी बोली योजतात ती बाळबोली. तिच्यात ध्वनी सोपे होतात, अक्षरांची द्विरुक्ती होते आणि काही खास शब्द येतात.

हे खास शब्द जरा मांडून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘मम’ जेवणाचा, ‘दुदू’ दुधाचा, ‘जोजो’ आणि ‘गाई’ झोपेचे, ‘बाऊ’ दुखापतीचा, ‘भूर’ बाहेर जाण्याचा. शिवाय खिडकीतून किंवा अंगणातून दिसणारे ‘माऊ’, ‘चिऊ’, ‘काऊ’ आणि ‘हम्मा’. हा कोश वर्णानुक्रमाने लावण्यापेक्षा दिवसाच्या प्रहरांप्रमाणे लावणे अधिक सोयीचे, इतका तो नित्यक्रमाशी बांधलेला आहे. बाहेर जाण्याला त्यात स्वतंत्र शब्द असावा, आणि तो उडणाऱ्या पाखराच्या आवाजावरून आलेला वाटावा, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

नित्यक्रमातून भाषा का शिकता येते, याचे एक उत्तर जेरोम ब्रूनर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिले. भाषा आत्मसात करण्याची यंत्रणा मुलात जन्मजात असते, असे नोम चॉम्स्की यांचे प्रतिपादन होते. ब्रूनर यांनी दोन मुलांचे त्यांच्या घरी दीर्घकाळ निरीक्षण केले आणि त्या यंत्रणेला पूरक अशी आधारव्यवस्था मोठ्या माणसांच्या वागण्यात असते, असे दाखवले. तोंड झाकून पुन्हा दाखवण्याचा खेळ, चित्रांचे पुस्तक पाहणे यांसारख्या गोष्टी पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने आणि त्याच ठिकाणी त्याच उद्गारांसह घडतात. पुढे काय होणार हे मुलाला आधीच कळते. जे घडणार ते ठाऊक असल्यामुळे त्याचे सारे लक्ष जे बोलले जाते त्याकडे जाऊ शकते. आरंभी मोठे माणूस दोन्ही भूमिका करते. पुढे मूल आपली भूमिका उचलते. शेवटी ते मोठ्या माणसाची भूमिकाही मागून घेते. आपल्याकडे पदराआड तोंड लपवणाऱ्या आईचे मूल थोड्याच महिन्यांत आपल्याच दुपट्याआड लपू लागते, ही याचीच साक्ष होय.

मराठीच्या घडणीच्या दृष्टीने पाहता रोजची कामे व्याकरणाचीही शाळा असतात. स्वयंपाकघरात कप पडला, वाटी पडली, भांडे पडले, असे दिवसातून कितीदा तरी घडते आणि बोलले जाते. तीन लिंगांचे तीन प्रत्यय मूल अशा आवाजांसकट ऐकते. कपड्यांच्या बाबतीत झबले घालायचे, साडी नेसायची, गजरा माळायचा, कुंकू लावायचे असे निरनिराळे धातू आहेत. निवडणे, सोलणे, चिरणे, किसणे, खवणे, वाटणे, कुटणे, पाखडणे, चाळणे या क्रियापदांतील भेद कोशात वाचून कळणे कठीण. ओट्याशी किंवा चुलीशी बसलेल्या मुलाला तो हातांच्या हालचालींतून कळतो. मुलाला केवळ नामे शिकवण्याकडे सुशिक्षित पालकांचा कल असतो. पण वाक्य उभे राहते ते क्रियापदावर, आणि क्रियापदे भिंतीवरच्या तक्त्यात मावत नाहीत, ती कामात असतात.

३. नित्यक्रम आणि वाङ्मयप्रकार

नित्यक्रम आणि भाषा यांचा हा संबंध आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. मराठीतील मौखिक वाङ्मयाचे कितीतरी प्रकार दिनक्रमातील एकेका कामाला जोडलेले आहेत. पहाटेच्या दळणाला जात्यावरची ओवी, जागे करण्याला भूपाळी, निजवण्याला अंगाई आणि पाळणा, भरवण्याला चिमण्या-कावळ्यांच्या नावांनी म्हटलेली घासांची गाणी. देवळातील उपचारांचा क्रम पाहिला तर देवही लेकरासारखाच वागवलेला दिसतो. त्याला काकडआरतीने उठवतात, स्नान घालतात, नैवेद्य दाखवतात आणि शेजारतीने निजवतात. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला पाळणा म्हणताना घरातला नित्यक्रम आणि देवळातला नित्यक्रम एकमेकांत मिसळून जातात. मुलाच्या संगोपनातील शब्दक्रम हा भक्तिवाङ्मयाच्या एका मोठ्या भागाचा सांगाडा आहे, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

या संदर्भात चिमणी-कावळ्याच्या कथेचा विचार विशेष उद्‌बोधक ठरेल. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीचे दार ठोठावतो. दर वेळी चिमणी त्याला थांबवते आणि थांबण्याचे कारण म्हणून बाळाच्या संगोपनातील एकेक काम पुढे करते. न्हाऊ घालणे, अंग पुसणे, काजळ घालणे, कपडे घालणे, निजवणे, ही ती कामे. घराघरांत कामांची संख्या आणि क्रम थोडाफार बदलतो. तत्त्व बदलत नाही. या कथेचा अर्थ लावताना चिमणीचा स्वार्थ, कावळ्याचा आळस अशा नैतिक बाजूंवर भर दिला जातो. परंतु दोन-अडीच वर्षांच्या श्रोत्याला कथेत धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच्यावर त्या दिवशी सकाळी जे जे उपचार झाले, तेच त्याच क्रमाने कथेत येतात. पुढचे काम कोणते हे त्याला कळते, म्हणून सांगणारी आजी थांबली की ते काम मूलच सांगते. ज्या क्षणी ते असे सांगते त्या क्षणी श्रोता सहनिवेदक होतो. ब्रूनर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या रचनेचे वर्णन केले, तिचा असा वापर निरक्षर आज्या कितीतरी आधीपासून करीत आल्या होत्या.

लिखित साहित्यातही याची उदाहरणे सापडतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील अनेक प्रसंग नित्यक्रमातलेच आहेत. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपले वस्त्र पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, अशा आशयाचे सांगते. पुस्तकाच्या नीतिमूल्यांची चर्चा करताना हा प्रसंग नेहमी उद्धृत होतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील भाषिक कृती महत्त्वाची आहे. ‘मन’ हा अमूर्त शब्द मुलापर्यंत पोहोचतो तो न्हाणीतल्या ओल्या पायांच्या आधाराने. शिवाय पुस्तकाची रचनाच ‘रात्रीं’ची आहे. दिवसाची कामे आटोपल्यावर, ज्यांनी ते बालपण पाहिले नाही अशा सोबत्यांना श्याम ते सांगतो. सांगणारा, घडून गेलेली घटना आणि त्या घटनेला अनुपस्थित असलेला श्रोता ही त्रयी पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

४. उंबरठ्याबाहेर

नित्यक्रमाचे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. त्याची मर्यादाही तीच आहे. सारे ठरल्याप्रमाणे घडत असेल तर सांगण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मुलाला उंबरठ्याबाहेर नेणे आवश्यक ठरते. यासाठी दूरचा प्रवास किंवा प्राणिसंग्रहालयच हवे असे नाही. वाण्याचे दुकान, मंडई, आठवड्याचा बाजार, पिठाची गिरणी, देऊळ, एस.टी.चे स्थानक ही ठिकाणे पुरेशी आहेत.

निघण्याच्या क्षणापासून भाषेचे पाठ सुरू होतात. ‘आम्ही बाजारात जातो’ आणि ‘आपण बाजारात जाऊ’ या दोन वाक्यांतील भेद व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत सांगितलेला असतो. पहिल्या सर्वनामात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. दाराशी चप्पल घालून उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला तो भेद समजावून द्यावा लागत नाही, कारण आपल्याला नेणार की मागे ठेवणार हा प्रश्न त्याच्या दृष्टीने फार मोठा असतो. घर सोडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे, हा संकेतही तो तेथेच शिकतो. शब्दाचा अर्थ आणि त्याचा सामाजिक वापर यांत अंतर असू शकते, ही भाषाव्यवहाराची सूक्ष्म जाण अशी उंबरठ्यावर येते.

मंडईत केळ्यांचा घड आणि फणी, लसणाची गड्डी आणि पाकळी, कोथिंबिरीची जुडी, द्राक्षांचा घोस हे शब्द वस्तूंसह समोर येतात. पुढे शालेय व्याकरणात ‘समूहदर्शक शब्द’ या मथळ्याखाली हीच यादी पाठ करून घेतली जाते आणि परीक्षेनंतर ती विसरली जाते. मंडईतून न जाता मूल थेट यादीपर्यंत येते, ही आपल्या भाषाशिक्षणातील उलटी वाट होय. बाजारात संबोधनेही शिकता येतात. भाजीवालीला ‘मावशी’ किंवा ‘ताई’, दुकानदाराला ‘काका’ किंवा ‘दादा’ म्हणायचे. त्यांच्याशी ‘तुम्ही’ने बोलायचे. आई हळूच ‘सांग, काकांना सुटे पैसे द्या म्हणून’ असे सुचवते आणि मूल तेवढे वाक्य उच्चारते. आपल्याला तयार करून दिलेले वाक्य अनोळखी माणसासमोर बोलणे, आणि त्या बोलण्यामुळे खरोखर काहीतरी घडणे, हा अनुभव मुलाला भाषेच्या सामर्थ्याची पहिली खात्री पटवून देतो.

हे सुचवणे केवळ मराठीपुरते मर्यादित नाही. एलिनॉर ऑक्स आणि बाम्बी शीफेलिन यांनी १९८४ साली पापुआ न्यू गिनीतील कालुली आणि सामोआ येथील समाजांविषयी लिहिताना दाखवले की तान्ह्या मुलाला संभाषणातील जोडीदार मानण्याची रीत सर्व समाजांत सारखी नाही. कालुली माता मुलाला पुढ्यात घेऊन त्याचे तोंड इतरांकडे करते, त्याच्या वतीने बोलते, आणि मूल बोलू लागल्यावर ‘असे म्हण’ असे सांगून त्याच्याकडून वाक्ये म्हणवून घेते. तात्पर्य असे की मुलाला संवादात आणण्याचा एकच वैज्ञानिक मार्ग आहे, आणि तो पाश्चात्त्य मध्यमवर्गीय घरातच सापडतो, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या घरातील ‘सांग’ आणि ‘म्हण’ या आज्ञार्थांचा अभ्यास मराठीच्या अभ्यासकांनी करावयास हवा.

५. परीक्षा आणि गप्पा

येथे एका धोक्याचा निर्देश करणे आवश्यक आहे. नित्यक्रमाचे भाषिक महत्त्व पालकांना सांगितले की ते त्याचा तास करून टाकतात. पुढील दोन संवाद उदाहरणादाखल रचलेले असले, तरी कोणत्याही घरात ऐकू यावेत असे आहेत. आई आणि तीन वर्षांचा मुलगा मटार सोलत बसले आहेत. पहिला संवाद असा :

‘हे काय आहे, सांग बरं?’
‘मटार.’
‘रंग कोणता?’
‘हिरवा.’
‘शाब्बास. किती दाणे आहेत? मोज.’

दुसरा संवाद असा :

‘ही शेंग बघ, पोचट लागतेय. असेल का रे काही आत?’
‘नाही. आहे! एक आहे. बारका.’
‘अगदीच बारका. भरलाच नाही बिचारा. काय करू या ह्याचं?’
‘चिऊला देऊ.’
‘चिऊला देऊ या. जा, खिडकीत ठेवून ये.’

पहिल्या संवादातील सर्व प्रश्नांची उत्तरे आईला आधीच ठाऊक आहेत, आणि ती तिला ठाऊक आहेत हे मुलालाही ठाऊक आहे. त्यामुळे तेथे बोलण्याला परीक्षेखेरीज प्रयोजन नाही. दुसऱ्या संवादात शेंगेत काय आहे हे दोघांनाही माहीत नाही. ‘पोचट’ आणि ‘भरणे’ हे शब्द व्याख्येविना, बोटांच्या स्पर्शासह येतात. मुलाचा ‘बारका’ आई उचलते आणि त्यात भर घालते. ‘देऊ’चे ‘देऊ या’ होते. चूक न दाखवता वाक्य पूर्ण होते. मुख्य म्हणजे मुलाच्या सूचनेप्रमाणे कृती घडते. आईला यासाठी वेगळा वेळ काढावा लागलेला नाही. मटार तर सोलायचेच होते.

मुलाच्या कानांवर किती शब्द पडतात यापेक्षा देवाणघेवाण किती होते याला महत्त्व आहे, या मताला संशोधनाचाही दुजोरा मिळू लागला आहे. बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतील ४२ कुटुंबांचे दीर्घकालीन निरीक्षण करून १९९५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आर्थिक स्तराप्रमाणे मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांच्या संख्येत प्रचंड अंतर असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. आई किंवा मुख्य सांभाळकर्ता याच्याखेरीज घरातील इतरांचे आणि मुलाच्या आसपास चाललेले बोलणे जमेस धरले तर चित्र बदलते, असे २०१८ पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मांडले गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, मोठ्यांच्या नुसत्या शब्दसंख्येपेक्षा संभाषणातील पाळ्यांचा मुलांच्या भाषिक क्षमतेशी अधिक निकटचा संबंध आढळला. मुलाला बोलण्याची पाळी देणे म्हणजे प्रश्न विचारून थांबणे, आणि उत्तर आपल्या तोंडून न देणे. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. बोलणे उशिरा येणे हे दर वेळी घरातील संवादाच्या अभावामुळे घडत नाही. साधारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पहिले शब्द आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. आवाजाला प्रतिसाद न देणाऱ्या किंवा शब्दच न उच्चारणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी वेळेवर करून घेणे अगत्याचे आहे. ‘याचे काकाही उशिराच बोलले’ या समाधानावर विसंबू नये. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करणारी अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. अशा मुलांच्या बाबतीत नित्यक्रमाचे मोल कमी होत नाही. परंतु त्यासाठी आईला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

६. घरी राहिलेला श्रोता

आता तिसऱ्या पायरीकडे वळू. मूल बाजारातून परत येते तेव्हा घरात आजी असते. ती बाजारात गेलेली नसते. मुलाने पाहिलेला बैल, गाडीखाली लोळत गेलेला टोमॅटो, सुटे पैसे नसल्यामुळे भाजीवालीने वर दिलेली मिरची, यांतले तिला काही ठाऊक नसते. ‘काय काय आणलंस रे?’ असे ती विचारते आणि मूल सांगू लागते. आई बरोबर होती. तिला सांगण्यात अर्थ नसतो. अज्ञानी श्रोता समोर असल्यामुळेच भूतकाळ, क्रम, कारण आणि ‘मग’ या उभयान्वयीची गरज निर्माण होते. मुलाचे ‘तो पडला’ हे वाक्य आजीला पुरत नाही. ‘कोण पडला रे?’ असे ती विचारते. टोमॅटो की माणूस हे स्पष्ट करावे लागते. समोर नसलेली वस्तू केवळ शब्दांनी उभी करणे हे साहित्याचे आद्य कार्य. ते येथे, ओसरीवर किंवा बैठ्या खोलीत, प्रथम घडते.

आजच्या शहरी घरात ही पायरी दोन कारणांनी ढासळते आहे. बाहेर जाताना लहान कुटुंब एकत्रच जाते आणि घरी कोणी उरत नाही. आणि जी आजी गावी राहते तिच्याकडे बैलाचे आणि टोमॅटोचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून आधीच पोहोचलेले असते. सायंकाळी बोलणे होते तेव्हा ‘पाहिला हं तुझा बैल’ असे ती प्रेमाने म्हणते, आणि सांगण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. छायाचित्राने आजीला नातवाचा आनंद दिला, पण नातवाकडून त्याची गोष्ट काढून घेतली. यावर उपाय साधा आहे. छायाचित्र मागाहून पाठवावे, आधी मुलाला सांगू द्यावे. वडील घरी उशिरा येत असतील तर तेच अनुपस्थित श्रोते होऊ शकतात. फक्त त्यांनी ‘आईने सांगितलं मला’ असे म्हणू नये. पाळणाघरातून आलेल्या मुलाच्या बाबतीत तर आई-वडील दोघेही अनुपस्थित श्रोते असतात. ‘आज काय शिकवलं?’ या परीक्षकी प्रश्नाऐवजी ‘डब्यातला लाडू कोणाला दिलास?’ असे विचारले तर गोष्ट सुरू होते.

येथे जुन्या एकत्र कुटुंबाचे गुणगान करण्याचा हेतू नाही. जात्यावरची ओवी कष्टांतून आली होती. दिवसभर राबणाऱ्या सुनेला मुलाशी बोलण्याची फुरसत नसे, आणि कडेवर भावंड घेऊन हिंडणारी सात-आठ वर्षांची बहीणच अनेक मुलांची पहिली संवादक होती. तिच्या स्वतःच्या शाळेचे काय झाले, हाही प्रश्न आहे. गमावलेले घर परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्या घरात अनायासे मिळणारा श्रोता मात्र आज जाणीवपूर्वक निर्माण करावा लागेल.

७. बोली, शाळा आणि विभाग

नित्यक्रमाची भाषा ही नेहमी बोली असते, हेही विसरता येत नाही. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी घरातील मुलाची न्हाणी, चूल आणि बाजार त्या त्या बोलीत घडतात. प्रमाणभाषेच्या हव्यासाने शिक्षकाने ते शब्द खोडून काढले तर मुलाची निवेदनाची सवयच खुडली जाते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पुढे कोसबाड येथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांमध्ये काम केले. मुले अंगणात असतील तर बालवाडी अंगणात, आणि ती गुरे राखत असतील तर शाळा कुरणात न्यावी, ही त्यांची दृष्टी होती. अंगणवाडी आणि कुरणशाळा या शब्दांतच ती सामावलेली आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. नावाबरोबर ती दृष्टी किती गेली, याचा शोध घेण्यासारखा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रारंभिक शिक्षणात घरच्या भाषेवर भर दिला आहे. परंतु घरची भाषा म्हणजे काय, तिच्यात कोणती क्रियापदे, कोणती संबोधने, कोणते ‘सांग’ आणि ‘म्हण’ आहेत, याची नोंद असल्याखेरीज तो भर कागदावरच राहील.

ही नोंद करणे मराठी विभागांना सहज शक्य आहे. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एका घराच्या संमतीने एकच नित्यकर्म निवडावे. उदाहरणार्थ मुलाला न्हाऊ घालणे, रात्रीचे जेवण, अथवा आठवड्याच्या बाजारची फेरी. त्या वेळी झालेले बोलणे टिपावे. त्यातील क्रियापदे, संबोधने, खरे प्रश्न आणि परीक्षकी प्रश्न वेगळे करावेत. महिनाभराने, मुलाने एखाद्या अनुपस्थित माणसाला सांगितलेली एक गोष्ट जशीच्या तशी लिहून घ्यावी. डॉ. केळकरांच्या निबंधाला साठ वर्षे होऊन गेली. आजच्या मराठी घरात बाळबोलीचे कोणते शब्द टिकले, कोणते गेले आणि त्यांच्या जागी काय आले, हे अशा नोंदींतूनच कळेल.

८. समारोप

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या तक्रारीकडे पुन्हा वळू. आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला अनुभव सांगता येत नाही, याचा अर्थ त्याच्याजवळ अनुभव नाही असा होत नाही. त्याचे सांगणे पूर्ण होईपर्यंत ऐकून घेणारे माणूस त्याला लहानपणी किती वेळा लाभले, हे आपण विचारलेले नसते. संवादक्षमता मुलाला निराळी बसून शिकवावी लागत नाही. न्हाणीत हात चालू असताना, भाजी निवडताना, बसची वाट पाहताना ती वाढते. तिला लागतो तो क्रमाचा आधार, थोडीशी नवलाई आणि घरी थांबलेला एक श्रोता. साहित्याच्या अध्यापकाने या श्रोत्याची भूमिका निदान आपल्या घरात आणि आपल्या वर्गात घेतली, तरी भाषेच्या संवर्धनाच्या दिशेने एक पाऊल पडेल.